लिंबाखालचा तारांकित प्रश्न

सरकारला प्रश्न विचारायचा तो उत्तर मिळावं म्हणून, अशी माझी भाबडी समजूत होती. आमदारांचा लेखनिक म्हणून कामाला लागलो आणि पहिल्याच अधिवेशनात ती समजूत कोटासारखी उतरवून खुंटीला टांगावी लागली.

गोष्ट साठ ते सत्तरच्या दरम्यानची. मी माधवनगरच्या गिरणी कामगाराचा मुलगा. बी.ए.ला दुसऱ्या खेपेला पास झालो, आणि अक्षर बरं होतं, एवढ्या भांडवलावर सांगलीच्या विश्रामबागेत आबांच्या ऑफिसात चिकटलो. आबा म्हणजे आमचे आमदार. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं हा अंक वाचतात आणि माझ्याकडे चहालाही येतात. आबांचं शिक्षण सातवी, पण बोलण्याची सवय विधानसभेपेक्षा जुनी, बाजारातली. मला ते 'कलमबहाद्दर' म्हणायचे. पहिले काही महिने मला ते कौतुक वाटायचं.

आता हा धंदा जरा समजावून सांगतो. आमदाराने सभागृहात विचारायच्या प्रश्नाला तारांकित प्रश्न म्हणतात, कारण त्याच्यापुढे छापलेली चांदणी असते. प्रश्नाची सुरुवात ठरलेली: 'हे खरे आहे काय की'. उत्तरही बहुतेक ठरलेलं: 'हे खरे नाही.' मग पुढच्या पोटप्रश्नांना, 'प्रश्न उद्भवत नाही.' त्या काळी आपल्या राज्यात सहसा काही उद्भवत नसे. विहिरी कोरड्या पडल्या तरी दुष्काळ उद्भवत नसे, 'टंचाईसदृश परिस्थिती' असे.

पण यातली खरी गंमत मला आबांनी शिकवली. प्रश्न मुंबईहून जिल्ह्याला येतो, जिल्ह्याहून तालुक्याला, आणि वाटेतल्या प्रत्येक टेबलावर एकेका माणसाला घाम फुटतो. मंत्र्यांना सभागृहात 'होय, हे खरे आहे' म्हणायला लागू नये, म्हणून खालची माणसं धावपळ करून ती गोष्टच खोटी करून टाकतात. इस्लामपूरच्या बाजूला एका शाळेची कौलं उडाली होती. अर्ज करून करून लोक थकले. आम्ही विचारलं, कौलं उडाली आहेत हे खरे आहे काय. उत्तर यायच्या आत कौलं बसली. मंत्री म्हणाले, हे खरे नाही. आबा पडेल तोंड करून खाली बसले. विरोधातले, बाजूचे, सगळे हसले की काय फजिती झाली म्हाताऱ्याची. हरलेल्या माणसाचं तोंड करून बसणं ही आबांची खास कला होती. बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "खोटं पडलो रं गड्या. झ्याक खोटं पडलो."

आबा तीनच विषयांवर बोलायचे: झाडं, लाइट आणि शाळा. पर्यावरण हा शब्द आमच्या विश्रामबागेपर्यंत तेव्हा पोचला नव्हता. आबा नुसतं 'झाडं' म्हणायचे. साताऱ्याच्या रस्त्यावर वडाची फांदी तोडलेली दिसली की जीप थांबवून बांधकामवाल्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे. कोटाच्या खिशात कायम चिंचोके. एकदा भर सभागृहात चष्मा काढायला गेले आणि चिंचोके बाकाखाली घरंगळले. दोन शिपाई ते वेचत होते आणि आबा जंगलतोडीवर बोलत होते. मला विचाराल तर त्यांचं ते सर्वांत परिणामकारक भाषण.

भाषणं लिहून द्यायचं काम माझं. एका अधिवेशनात मी दोन भाषणं एकदम लिहिली, एक विजेवर, एक प्राथमिक शिक्षणावर. पानांवर आकडे घालायचे राहिले आणि आमदार निवासाच्या पंख्याने ती दोन्ही भाषणं प्रेमाने एकमेकांत मिसळली. मी गोळा करून आबांच्या हातात दिली. आबा समोर येईल ते पान निष्ठेने वाचणारे. विजेच्या चर्चेला उभे राहिले आणि वाचू लागले, "पूर्व भागात उच्च दाबाची वाहिनी नेण्यास विलंब होत असून..." पान उलटलं, "...चार इयत्ता एकाच गुरुजींपुढे बसतात व त्यामुळे गुरुजी लवकर थकतात."

सभागृहात खसखस पिकली. गॅलरीत मी पुढच्या माणसाच्या डोक्याआड झालो. अध्यक्ष म्हणाले, "माननीय सदस्यांनी कृपया विजेवर बोलावं."

आबांनी चष्मा काढला, शांतपणे पुसला. "विजेवरच बोलतोय, अध्यक्ष महाराज. चार इयत्ता एका कंदिलाभोवती अभ्यासाला बसत्यात. कंदिलाची काच फुटली की चारी इयत्ता नापास." आणि पुढे कागद बाजूला ठेवून असे काही बोलले की दुसऱ्या दिवशी एका पेपरने 'दोन प्रश्नांची मूलगामी सांगड' असं छापलं.

रात्री मी शिव्या खायला तयार होऊन बसलो होतो. आबा पानाला चुना लावत म्हणाले, "कलमबहाद्दर, फुडल्या येळंला मिसळायच्या आदी सांगत जा."

एवढं सगळं शिकल्यावर मला वाटायला लागलं, की प्रश्न लिहिण्यात आपला हात आता कुणी धरणार नाही. तेव्हाच कांबळे गुरुजी आले.

सांगलीच्या पूर्वेला, कोरड्या भागात, त्यांची एकशिक्षकी शाळा होती. वाडीचं खरं नाव न सांगता आपण तिला लिंबवाडी म्हणू. वस्ती मेंढपाळांची, अलीकडे शेतीला लागलेली, आणि कडेला चार-दोन घरं बौद्धांची. गुरुजी स्वतः वाळव्याकडचे, छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली. शाळा भरायची एका जुन्या कडुलिंबाखाली. फळा बुंध्याला टेकवलेला, मुलं गोल करून बसलेली.

"आबा," गुरुजी म्हणाले, "वाडीत वीज येणार म्हणून खुंट्या रोवल्यात. त्या सरळ आमच्या लिंबातनं चालल्यात. झाड जाणार म्हणतात."

आबांचा चेहरा पडला. कारण वीज आणण्याचा शब्द त्यांनीच वाडीला दिला होता, निवडणुकीत, त्याच लिंबाखाली उभं राहून.

मी पुढे सरसावलो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की कुठेतरी अंधार होतो हा माझा आयुष्याचा अनुभव आहे. म्हटलं, "आबा, आपण झाडाचं नावच काढायचं नाही. आपण विचारू, की लिंबवाडीची शाळा उघड्यावर, झाडाखाली भरते हे खरे आहे काय. खात्याला ते खोटं पाडायचं म्हणजे खोली बांधावी लागेल. खोली आली की शाळेचा प्रश्न सुटला, वीज आली, सुंठीवाचून खोकला गेला."

गुरुजी जरा चुळबुळले. "साहेब, तुम्ही लिंबाचंच लिहा. खोलीचं नंतर बघू."

"गुरुजी," मी म्हणालो, "शिकवणं तुमचं काम. प्रश्न विचारणं माझं."

हे वाक्य मी किती रुबाबात टाकलं होतं ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

प्रश्न सभागृहात आला. मंत्री उभे राहिले. "हे खरे नाही. सदर शाळा पक्क्या इमारतीत भरते." मी गॅलरीत इतका हरखलो की शेजारी बसलेल्या परक्या अधिकाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. आबा पडेल तोंड करून बसले. अधिवेशनाचा पहिला भाग संपताच आम्ही जीप काढली, पेढ्यांचा पुडा घेतला आणि नवी खोली बघायला लिंबवाडीला निघालो.

पक्की इमारत म्हणजे देऊळ होतं.

सभामंडपात मुलं ओळीने बसली होती. बाहेर, फरशीच्या अंगणात, बौद्ध वस्तीची मुलं. त्यांच्यावर कुणीतरी दोन काठ्यांना पोतं ताणून सावली केली होती, पण ऊन पोत्याला जुमानत नव्हतं. आणि कांबळे गुरुजी उंबऱ्याच्या अलीकडे, पायरीवर उभे. एकदा आत तोंड करून पाढा सांगायचे, एकदा बाहेर वळून तोच पाढा पुन्हा.

पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता.

"गुरुजी, तुम्ही आत का नाही?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न विचारण्यात मी कधी कमी पडलो नाही.

गुरुजी हसले. "आम्ही देव सोडला, साहेब, आत कशाला जाऊ? आणि गावानं तरी कधी बोलावलं होतं? दोन्हीकडनं सोय झाली." मग पोत्याखालच्या मुलांकडे बघून म्हणाले, "मोठ्या साहेबांचा हुकूम आला, उत्तर जायच्या आत शाळा इमारतीत हलवा. गावात इमारत एवढी एकच. लिंबाखाली ही भानगड नव्हती. लिंबाला आत-बाहेर नसतंय."

म्हणजे खात्याने आमचा प्रश्न खोटा पाडला होता, अगदी नियमाप्रमाणे, सर्वांत स्वस्तात. पुढचंही ऐका. झाडाखाली आता शाळा नाही म्हटल्यावर विजेच्या ऑफिसची शेवटची अडचणही गेली होती. करवतवाली टोळी चार दिवसांत यायची होती. आणि गुरुजींनी बदलीचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता.

"रागानं नाही," ते म्हणाले. "पण ही चार पोरं मला विचारतात, गुरुजी, आपण कधी आत जायचं? आणि आतली विचारतात, गुरुजी, ही बाहेर का? लिंबाखाली वर्षभर एकानंही असं विचारलं नव्हतं. आता मी काय शिकवू?"

वाडीचे म्हातारे बिरू तात्या काठी टेकत आले. त्यांचा नातू मंडपात बसत होता. आबांनी त्यांना विचारलं, "तात्या, ह्ये बरं दिसतंय का?"

तात्या लांब बघत म्हणाले, "शाळा लिंबाखाली व्हती तवा कुनाला काय ठरवायला लागत न्हवतं, आबा. आता ठरवायला लागतंय. आन ठरवायला बसलं की गाव कसं वागतंय ते तुमाला ठावं हाय."

"मग लाइट नको म्हणता?" मी विचारलं.

"आवं सायेब, लाइट का नगं? आमी काय अंधाराचे सोयरे हाय व्हय? पोरगं मोटारीपायी हिरीवर डोळं लावून बसलंय. लाइट बी पायजे आन लिंब बी पायजे."

आबा सरळ अंगणात जाऊन पोत्याखाली मांडी घालून बसले. साहेब बसल्यावर लेखनिकाला उभं राहता येत नाही, म्हणून मीही बसलो. फरशी तव्यासारखी तापली होती. तिथे बसून मला प्रश्न पडला, की पेढे आधी कुठं वाटायचे, आत का बाहेर. हा प्रश्न मात्र उद्भवला.

आबांनी तो सोडवला. उठून मंडपाकडे तोंड करून हाळी दिली, "चला रं समदी. पेढं लिंबाखाली मिळत्यात."

आतली, बाहेरची, सगळी एका धुळीत पळाली. लिंबाखाली पोचल्यावर कोण कुठून आलं ते मला तरी सांगता आलं नसतं. आबा गुरुजींना म्हणाले, "अर्ज खिशातच ऱ्हाऊ द्या. अधिवेशनाचा दुसरा भाग हाय अजून. तवर शाळा हितंच भरवा. कुनी इचारलं तर म्हना, आमदारानं पेढं वाटायला बोलावलीत, वाटून व्हायचेत."

"आणि करवतवाले?" गुरुजींनी विचारलं.

तात्या खाकरले. "त्ये माज्याकडं लागलं."

आमच्या पूर्व भागात मेंढरं बसवतात. म्हणजे खत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या रानात कळप मुक्कामाला ठेवून घेतो. एकदा कळप बसवला की ठरलेल्या मुक्कामाची बोली पुरी होईस्तोवर त्याला कुणी उठवत नाही, पाहुण्याला जेवता जेवता उठवावं तसं ते मानतात. तात्यांनी आपला कळप लिंबाच्या आळ्याभोवती बसवला. करवतवाले आले, त्यांचा मुकादमही मेंढपाळाच्याच घरचा निघाला. त्याने कळप बघितला, तात्यांकडे बघितलं, विचारलं, "बोली कवापतूर हाय, तात्या?" तात्या म्हणाले, "पाऊस पडंपतूर." मुकादम तंबाखू मळून परत गेला.

इकडे आमदार निवासात माझी परीक्षा सुरू झाली. आता असा प्रश्न लिहायचा होता की तो खोटा पाडायचा तर झाडही राहावं, वीजही यावी. आबा खाटेवर लोड टेकून बसले. समोर सांगलीहून आणलेलं भडंग. म्हणाले, "मी खात्याचा सायेब. तू लिव. मी पळवाट काढतो."

मी लिहिलं, वीजवाहिनीसाठी शाळेचे झाड तोडण्यात येणार आहे हे खरे आहे काय.

आबा भडंगाची मूठ तोंडात टाकून म्हणाले, "वाहिनीच रद्द. झाड तोडत न्हाई. खरे नाही. फुडं."

मी 'वाहिनी न थांबवता' असं घातलं.

"झाड तोडत न्हाई. निस्त्या फांद्या छाटतो. बुंधा ऱ्हातोय. खरे नाही."

मी 'फांद्यांसह' असं घातलं.

"झाड शाळंचं न्हाईच, गायरानातलं हाय. शाळंचं झाड तोडतोय ह्ये खरे नाही."

साहेबाच्या कातडीत शिरल्यावर आबा इतके रंगले, की मला त्यांची भीती वाटायला लागली. एकेक भोक बुजवत गेलो आणि भडंग संपेपर्यंत माझा प्रश्न विहिरीच्या दोरीएवढा लांब झाला. दुसऱ्या दिवशी दिला. तिसऱ्या दिवशी परत आला: अतिलांब आणि संदिग्ध, सबब अस्वीकृत. संदिग्ध म्हटल्याचं मला फार लागलं. त्यात एकही पळवाट ठेवली नव्हती हो.

"आता?" मी विचारलं.

आबांनी थोडा वेळ दाढी खाजवली. "आपली ती मिसळलेली पानं हायत का रं कुठं?"

"फाडून टाकली."

"तवा म्या तुला फाडायला पायजे व्हतं, पानं न्हाई," म्हणाले, आणि मोकळ्या हाताने सभागृहात गेले.

विजेच्या खर्चावर चर्चा होती. आबा उभे राहिले ते थेट कडुलिंबापासून सुरू झाले. झाड किती जुनं, सावली कुठवर पडते, फळा कुठे टेकवतात. अध्यक्षांनी घंटी वाजवली. "माननीय सदस्यांनी विजेवर बोलावं."

"विजेवरच बोलतोय, अध्यक्ष महाराज." जुनी आठवण होऊन काही बाकं हसली. आबा थांबले नाहीत. "म्या झाडाचं बोललो की म्हनत्यात जंगल खात्याकडं जावा. पोरांचं बोललो की म्हनत्यात शिक्षणाकडं जावा. माज्या वाडीत झाड, पोरं आन लाइट एकाच खुंटीवर आल्यात, म्या कुनाकुनाकडं जाऊ? झाड गेलं तर शाळा देवळात जाती. देवळात गेली तर चार पोरं उन्हात बसत्यात. म्या बसून आलोय तिथं, कुणाला बघायचं आसंल तर माजं धोतर बघा. माझी मागणी लय मोठी न्हाई. एक खांब. तार लिंबाला वळसा घालून न्यायला एक खांब जास्त लागतोय. तेवढा द्या."

त्या दिवशी तिथे कुणी धरणं मागितली होती, कुणी वीजकेंद्रं. मंत्र्यांना बहुधा एक खांब मागणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. उत्तराच्या भाषणात ते म्हणाले, "आणि त्या सदस्यांचा खांब मी आत्ताच मंजूर करतो." आबा पडेल तोंड करायचं विसरले.

वीज आली. लिंबवाडीत शिरताना तार अजूनही एका ठिकाणी, वाट चुकल्यासारखी, बाजूला वळते. गुरुजींनी अर्ज खिशातून काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौथीच्या मुलांकडून गणित सोडवून घेतलं, असं त्यांनीच मला सांगितलं. पुढे शाळेला एक छोटी खोलीही मिळाली, दिवा लावलेली. फळा, घंटा आणि खडू आत राहायला गेले. मुलं लिंबाखालीच.

मग काय झालं, दुसऱ्या एका जागरूक आमदारांना हे कळलं. त्यांच्याही पदरी माझ्यासारखा एक हुशार असणार. त्यांनी प्रश्न टाकला: लिंबवाडी येथे शासनाने खोली बांधूनही शाळा झाडाखाली भरते, हे खरे आहे काय? मला धडकी भरली. पुन्हा तेच चक्र. तालुक्याचे साहेब वाडीत धावले आणि गुरुजींना म्हणाले, "उत्तर जाईपर्यंत चार दिवस आत बसवा, मग तुमचं तुम्ही बघा."

गुरुजी म्हणाले, "बसवतो. पण पोरं वाढलीत, साहेब, खोलीत सगळी मावत नाहीत. कुणाकुणाला बाहेर ठेवायचं, तेवढी नावं तुमच्या सहीनं द्या."

साहेब सही न करताच परतले.

प्रश्नाच्या दिवशी मी गॅलरीत होतो. मंत्र्यांनी कागद उचलला, वाचला, जरासे थबकले आणि म्हणाले, "होय. हे खरे आहे."

माझ्या उभ्या नोकरीत हे वाक्य मी तेवढंच एकदा ऐकलं. उपप्रश्न विचारायला उठलेले सदस्य तसेच खाली बसले. आबांनी हळूच मान वळवून वर गॅलरीकडे बघितलं. ह्येबी तूच बिघडवलंस का रं, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी मान हलवून हो म्हटलं. एवढं चांगलं काम माझ्या नावावर लागत असताना नाही कशाला म्हणू?